तिचा रमजान कधी येणार?

लासूर स्टेशन हे माझे माहेर. निजामाच्या काळात मनमाडहून हैदराबादकडे रेल्वे गेली, त्या मार्गावरचे हे स्टेशन. मूळ लासूर गाव वेगळे आणि स्टेशनाभोवती वाढलेली कांदा-कापसाची ही बाजारपेठ वेगळी. शहरातल्या महाविद्यालयात शिकवायला लागून मला आता बरीच वर्षे झाली, तरी रमजानातला एखादा रविवार भावाकडे इफ्तारला जाण्याचा नेम चुकलेला नाही.

गेल्या वर्षीचा असाच एक रविवार. दस्तरखान पसरले होते. भावाची मुलगी, आठवीत शिकणारी, प्रत्येकापुढे खजूर ठेवत होती. शेजारच्या एक काकू कौतुकाने मुलांचे रोजे मोजत होत्या. धाकट्याने सांगितले, "चार झाले." चुलतभाऊ छाती फुगवून म्हणाला, "सगळे." मग हिची पाळी आली. तिने एकदा आईकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "माझेपण सगळे."

तिला टाइप-१ मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. रोजा ठेवायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. हे त्या खोलीत आम्हा चौघांनाच ठाऊक होते आणि आम्ही चौघेही गप्प बसलो. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "माशाल्लाह" म्हटले. इतक्यात मगरिबची अजान झाली.

चार दिवसांनी ती शहरातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होती. सांगितलेले खोटे खरे करून दाखवण्यासाठी तिने गुपचूप रोजे धरले होते. सकाळची पोळी दप्तरात लपवली, "इंजेक्शन घेतलं" असे आईला सांगितले आणि शाळेत गेली. न खाता इन्सुलिन घेतले तर साखर उतरते, चक्कर येते, हे तिला माहीत होते. म्हणून तिने इन्सुलिनच घेतले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोरात चालू लागला. इन्सुलिन मिळाले नाही की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. काही तास उशीर झाला असता तर आज हा लेख मी लिहीत नसते.

तिसऱ्या दिवशी ती सावरली. मी उशाशी बसले होते. बराच वेळ छताकडे पाहून तिने विचारले, "फुप्पी, मेरा रमजान कब आयेगा?"

मी वर्गात तासन्‌तास बोलते. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वर्षभर ते शोधते आहे. जे हाती आले, ते तिच्या परवानगीने इथे मांडते. नाव लिहायचे नाही, एवढीच तिची अट.

आजार काय आहे?

ती अकरा वर्षांची असताना सतत तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा उठायची. कित्येक वर्षांनी अंथरूण ओले झाले, म्हणून बोलणी खाल्ली. वजन झरझर उतरले. घरच्यांना वाटले नजर लागली. दम झाला, ताबीज झाला. शेवटी शहरात रक्त तपासले तेव्हा कळले.

मोठ्या माणसांना होतो तो मधुमेह वेगळा आणि हा वेगळा. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना परके समजून नष्ट करते. गोड खाण्याशी याचा संबंध नाही. आईने गरोदरपणात काय खाल्ले याच्याशी नाही. कुणाच्या पापाशी तर मुळीच नाही. हे तीन वेळा सांगावे लागते, कारण माझी भाभी आजही कधी कधी म्हणते, "मीच तिला लहानपणी शिरकुर्मा जास्त दिला."

शंभर वर्षांपूर्वी या आजाराचे मूल म्हणजे गेलेले मूल, असेच होते. त्या काळी डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण तेवढ्यानेच आयुष्य थोडे लांबत असे. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढण्याचे काम केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. तो जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे तोच बालदिन असतो.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलांना हा आजार आहे. म्हणजे तालुक्या-तालुक्यात अशी मुले असणार. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण ती लपवली जातात.

मनावरचे ओझे

या मुलीचा दिवस कसा असतो ते मी रुग्णालयातून आल्यावर पहिल्यांदा नीट विचारले. सकाळी उठल्याबरोबर बोटाला सुई टोचून साखर पाहायची. जेवणात काय आहे, किती आहे, त्यावरून इन्सुलिन किती हे ठरवायचे. मधल्या सुटीत पुन्हा तेच. खेळायचे असेल तर आधी काहीतरी खायचे. झोपण्यापूर्वी पुन्हा सुई. सणाला सुटी नाही, परीक्षेला सुटी नाही, आजारी पडले तर उलट काम जास्त. एवढे करूनही कधी आकडा तीनशेच्या वर जातो, आणि घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?"

तिने काहीच खाल्लेले नसते. वाढत्या वयात, तापात, परीक्षेच्या ताणात साखर आपोआप वर जाते. पण रोज संशयाने पाहिले जाणारे मूल हळूहळू आकडे लपवू लागते. तिच्या वहीत मी पाहिले, दोन महिने सगळे आकडे १२० ते १४० मध्ये होते. इतके सरळ आकडे कुणाचेच येत नाहीत. ती तपासतच नव्हती, मनाने लिहीत होती. वही छान दिसत होती आणि आम्ही खूश होतो.

दीर्घ आजार असलेल्या मुलांमध्ये उदासी आणि चिंता इतर मुलांपेक्षा जास्त आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुढे आले आहे. मधुमेहाच्या तज्ज्ञांनी तर आजाराच्या रोजच्या कटकटीतून येणाऱ्या थकव्याला स्वतंत्र नाव दिले आहे: 'डायबेटिस डिस्ट्रेस'. हा थकवा म्हणजे वेड नव्हे, आणि प्रत्येक वेळी नैराश्यही नव्हे. रोज तेच करून जीव कंटाळणे, "माझ्याच वाट्याला का?" असे वाटणे, चुकण्याची सतत भीती, हे त्याचे रूप. वेळीच कुणी ऐकून घेतले तर तो हलका होतो. कुणी ऐकले नाही तर मूल इन्सुलिन टाळू लागते, आणि मनाचा आजार बघता बघता शरीराच्या जिवावर बेततो. आमच्या घरात नेमके हेच झाले. म्हणूनच अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेसारख्या संस्था सांगतात की सात-आठ वर्षांच्या वयापासूनच अशा मुलांच्या मनाची विचारपूस तपासणीचा भाग असावी.

आपल्याकडे काय होते? लांबून आलेले आई-बाप, बाहेर रांग, पाच मिनिटांची तपासणी. डॉक्टर साखर विचारतात, वजन विचारतात, डोस बदलतात. "शाळेत मैत्रिणी आहेत का? झोप लागते का? कशाची भीती वाटते?" हे विचारायला वेळ उरत नाही. मग ते विचारण्याचे काम आपलेच आहे.

हे फक्त मधुमेहाचे नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते, शाळा बुडते, वर्गात त्याची जागा रिकामी राहते. फिट येणाऱ्या मुलीला सहलीला नेत नाहीत. दम्याचा मुलगा सगळ्यांसमोर पंप तोंडाला लावायला लाजतो आणि धाप सोसत राहतो. आजार वेगळे, पण एकटेपणा सारखाच.

"कुणाला सांगू नको"

आजार कळला त्या दिवशी घरी परतताना गाडीतच भाभीने मुलीला बजावले होते, "कुणाला सांगू नको." कारण सगळ्यांना माहीत आहे. मुलीची जात, पुढे रिश्ता कसा जमणार? त्यात आईचे वाईट मन नव्हते, काळजीच होती. पण अकरा वर्षांच्या मुलीने त्याचा अर्थ असा लावला की आपल्यात काहीतरी लाजिरवाणे आहे. तेव्हापासून ती लग्नात जेवणाआधी मोरीत जाऊन इंजेक्शन घेऊ लागली. मामाकडे मुक्कामाला जाणे बंद झाले. मैत्रिणीने दप्तरात सुई पाहिली तेव्हा तिने सांगितले, "दादीची आहे."

रमजान आला की हे लपवणे जास्त कठीण होते. वर्षभर कुणी तिच्या ताटाकडे पाहत नाही, या महिन्यात सगळे पाहतात. आठ वर्षांची असताना तिची रोजाकुशाई झाली होती. पहिला रोजा, नवे कपडे, गळ्यात हार, सगळी गल्ली जेवायला. त्या दिवशी तिला कळले होते की रोजा ठेवला की आपण मोठे होतो, आपल्या माणसांत बसतो. तीन वर्षांनी तोच दरवाजा बंद झाला आणि का बंद झाला हे कुणी नीट समजावले नाही. फक्त "तुला माफ आहे" म्हटले. तिच्या कानाला ते "तुझी गरज नाही" असे ऐकू आले.

सवलत ही कृपा आहे

इथे धर्म काय सांगतो ते स्पष्ट बोलले पाहिजे, कारण अर्धवट माहितीनेच घात होतो. वयात न आलेल्या मुलावर रोजा फर्जच नाही. सूरह बकरामध्ये जिथे रोजाचा हुकूम आहे, तिथेच लगोलग आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिलेली आहे. रोजा ज्याला झेपणारच नाही, त्याच्यासाठी गरिबाला जेऊ घालण्याचा, म्हणजे फिदयाचा मार्ग आहे. म्हणजे सूट ही मागाहून कुणी शोधलेली पळवाट नाही. हुकूम देणाऱ्यानेच ती दिली आहे. ती घेणारा मागच्या दाराने येत नाही. कुणासाठी कोणता मार्ग, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण स्वतःच्या जिवाला धोक्यात घालणे ही इबादत नव्हे, यावर दुमत नाही.

वैद्यकीय बाजूही तितकीच स्पष्ट आहे. २००१ मध्ये भारतासह १३ देशांत रमजान आणि मधुमेह यांवर 'एपिडायर' नावाचा मोठा अभ्यास झाला. टाइप-१ असलेल्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवल्याचे त्यात दिसले. साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग त्या महिन्यात चौपटीहून अधिक झाले. पुढे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि 'डायबेटिस अँड रमदान' या तज्ज्ञगटाने मिळून मार्गदर्शिका काढली. टाइप-१ मधुमेह त्यात साधारणपणे जास्त जोखमीचा धरला आहे. काही किशोरवयीन मुले डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजे ठेवतातही, पण तो निर्णय महिना-दीड महिना आधी डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा असतो, घरात किंवा गुपचूप नव्हे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडावा, असे ती सांगते. बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही तिने स्पष्ट केले आहे.

शरीर आणि मन यांचा मेळ ही काही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी गोष्ट नाही. इसवी सन ९३४ मध्ये निधन पावलेले अबू जैद अल-बल्खी यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' हा ग्रंथ लिहिला. नावाचा अर्थच शरीर आणि मन या दोहोंचे हित. शरीर आजारी पडले की मन कुढते आणि मन कुढले की शरीर खंगते, म्हणून वैद्याने दोन्हीकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. घरात जशी अडीअडचणीला औषधे ठेवतो तसे धीर देणारे विचारही आधीच जवळ बाळगावेत, असे त्यांनी सुचवले. हजार वर्षांपूर्वी आपल्या आलिमांना जे कळले होते, ते आपण "डोक्याच्या डॉक्टरकडे गेलो तर लोक काय म्हणतील" या एका वाक्याखाली पुरून टाकले.

शाळेत काय घडते

एक गोष्ट स्वतःबद्दल सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा काहीतरी चघळत होता. मी त्याला उभे केले, सगळ्यांसमोर बोलले. त्याने मान खाली घातली, काही सांगितले नाही. त्याची साखर उतरली होती आणि तो गोळी खात होता, हे मला वर्ष संपताना कळले. तो त्यानंतर माझ्या तासाला फारसा आलाच नाही. मी त्याची माफी मागितली, पण बुडालेले तास परत देता आले नाहीत.

म्हणून शिक्षक वाचकांना विनंती. साखर उतरते तेव्हा मुलाला घाम येतो, हात थरथरतात, तो चिडतो, असंबद्ध बोलतो किंवा गुंगल्यासारखा होतो. ते नाटक नसते, उद्धटपणा नसतो. मूल शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि तोवर त्याला एकटे सोडू नये. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखाना गाठावा. साखर वर असते तेव्हा वारंवार लघवीला जावे लागते; "आत्ताच गेला होतास ना?" असे म्हणू नये.

सीबीएसईने २०१७ पासून दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सर्व राज्यांना कळवले की टाइप-१ च्या मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधे खाऊ द्यावे. सध्या रमजान आणि दहावीची परीक्षा जवळपास एकत्र येतात. अशा वेळी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवलेले बरे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या आजारांचा समावेश आहे. टाइप-१ मधुमेहाचा नाही. म्हणून या मुलांना कागदावर जे मिळत नाही, ते शिक्षकाच्या समजूतदारपणातून मिळावे लागते.

मदत कुठे आहे?

रुग्णालयातून सुटल्यावर पहिली मोठी मदत झाली ती तिच्यासारखीच मुले भेटल्याची. आपल्या शहरात डॉ. अर्चना सारडा यांच्या पुढाकाराने सुरू झालेली 'उडान' ही संस्था टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांसाठी अनेक वर्षांपासून काम करते. इन्सुलिनची मदत, आजाराचे शिक्षण, मुलांना आणि पालकांना एकत्र आणणे असे तिचे काम. अशा ठिकाणी गेल्यावर मूल पहिल्यांदा पाहते की समोरची दहा मुले जेवणाआधी बिनधास्त इंजेक्शन घेत आहेत आणि कुणी मोरीत जात नाही. शंभर उपदेशांनी जे होत नाही ते त्या एका दृश्याने होते. आमची मुलगी परतताना भाभीला म्हणाली, "अम्मी, तिथे एक दीदी होती, तिला बारा वर्षं झाली, ती नोकरी करते."

ज्यांना खासगी उपचार परवडत नाहीत त्यांच्यासाठी घाटी रुग्णालय आहे. तिथे बालरोग विभाग आहे, मानसोपचार विभागही आहे. एका खेपेत दोन्हीकडे जाता येते. लासूर स्टेशनहून येणे-जाणे म्हणजे दिवसभराची मजुरी बुडते, हे मी जाणते. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, रात्रंदिवस आहे आणि मराठीत बोलता येते.

फोन कधी करावा? मूल पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींपासून दूर राहू लागले, झोप किंवा भूक बदलली, शाळा टाळू लागले, औषध लपवू किंवा टाकू लागले, "मी नसलेलीच बरी" असे काही बोलले, तर वाट पाहू नये. शेवटचे वाक्य कानावर आले तर त्याच दिवशी. तोवर मुलाला एकटे ठेवू नये आणि इन्सुलिन मोठ्या माणसाने स्वतःच्या ताब्यात घ्यावे.

घरात आम्ही काय बदलले

मोठे काही केले नाही. आधी भाषा बदलली. "साखर चांगली आली, वाईट आली" हे बंद केले. आकडा जास्त असतो किंवा कमी असतो; तो परीक्षेचा निकाल नव्हे, पुढे काय करायचे याची खूण आहे. शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न साखरेचा विचारायचा नाही, दिवस कसा गेला ते विचारायचे.

दुसरे, सगळा भार तिच्यावर टाकणे थांबवले. "आता मोठी झालीस, तुझं तू बघ" असे आम्ही बाराव्या वर्षीच म्हणून मोकळे झालो होतो. मूल सुई टोचायला शिकले म्हणजे आजार एकट्याने पेलायला शिकले असे नाही. आता रात्रीची तपासणी भाऊ स्वतः तिच्याजवळ बसून करतो. त्या दहा मिनिटांत साखरेपेक्षा इतर गप्पाच जास्त होतात. धाकट्यालाही विचारात घेतले, कारण तोही मनात कुढत होता की सगळे लक्ष ताईकडेच असते.

तिसरे आणि सगळ्यांत कठीण म्हणजे सांगितले. आधी नानीला, मग मामाकडे, मग गल्लीत. भाभी त्या रात्री खूप रडली. रिश्त्याची काळजी अजून संपलेली नाही, खोटे कशाला सांगू? पण लपवून जमवलेला रिश्ता पहिल्या इंजेक्शनला उघडा पडला असता. भाऊ क्रिकेटचा शौकीन. त्याने तिला वसीम अक्रमची गोष्ट सांगितली. १९९७ मध्ये त्याला मधुमेहाचे निदान झाले, नंतरही तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत खेळला आणि एकदिवसीय सामन्यांत ५०० बळींचा टप्पा ओलांडला. मी तिला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्याबद्दल सांगितले. सातव्या वर्षी हाच आजार झाला आणि त्या वयात त्या स्वतःला इंजेक्शन द्यायला शिकल्या. तिने विचारले, "त्यांनापण कंटाळा येत असेल का?" मी म्हटले, "येतच असणार, बेटा." या उत्तराने तिला गोष्टीपेक्षा जास्त बरे वाटले, असे मला वाटते.

आणि यंदाचा रमजान. चंद्र दिसण्याआधीच भावाने तिला घेऊन आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांची गाठ घेतली. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले, डॉक्टरांचा कागद पाहिला आणि तिलाच उद्देशून सांगितले की बेटी, तुझे इन्सुलिन वेळेवर घेणे ही या महिन्यातली तुझी आज्ञापालनाची रीत आहे. पुढच्या शुक्रवारच्या बयानात त्यांनी, कुणाचे नाव न घेता, आजारी मुलांना "रोजा आहे का?" असे विचारून ओशाळे करू नका, असेही सांगितले. प्रत्येक मशिदीतून हे एवढे एक वाक्य गेले तर किती मुले सुटतील!

आता ती सहरीला सगळ्यांसोबत उठते. सहरीची वेळ संपत आल्याची आठवण घरात तीच देते. कुणाला उठवायचे, पाणी कुणी प्यायले नाही, हा कारभार तिच्याकडे आहे. दुपारी ती स्वयंपाकघरात बसून जेवते, दार न लावता. फिदयाचे पैसे भाऊच देतो, पण शिधा बांधून गल्लीतल्या दोन घरी पोचवते ती. रोज संध्याकाळी कुरआनचे एक पान दादीला वाचून दाखवते. इफ्तारला सगळ्यांच्या मधोमध बसते, साखर तपासते, इंजेक्शन घेते आणि मग खजूर उचलते.

परवा मी गेले होते. त्याच शेजारच्या काकू आल्या होत्या. सवयीने त्यांनी विचारले, "कितने हुए?" खोलीत पुन्हा तीच शांतता पसरली. मुलीने आईकडे पाहिले नाही. म्हणाली, "काकू, मला मधुमेह आहे, मी रोजा ठेवत नाही. सहरीला मात्र रोज उठते."

काकू क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "हमारी मुन्नी को भी झटके आते. हम किसी को बोले नहीं आज तक."

एका मुलीने सांगितले आणि शेजारचे दुसरे घर बोलते झाले. ईदला आपण भेटायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला ईदी देतो. यंदा त्यातल्या एखाद्या शांत, कोपऱ्यात बसलेल्या मुलाशेजारी पाच मिनिटे बसा. किती रोजे झाले हे विचारू नका. "कसा आहेस, बेटा?" एवढेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

अल्लाह सगळ्या आजारी लेकरांना शिफा देवो, त्यांच्या आई-बापांना सब्र देवो आणि आपल्याला त्यांचे ऐकून घेण्याची तौफिक देवो. आमीन.